घराचा भाव कसा करावा?

मुरबाड तालुक्यात म्हसा नावाचे गाव आहे. तिथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते. यात्रेत बैलांचा मोठा बाजार असतो. आपल्यातले पुष्कळजण तिथे गेलेले आहेत.

बैल घ्यायचा असला म्हणजे माणूस काय करतो? आधी दात बघतो. खांद्यावरून हात फिरवतो. बैलाला चार पावले चालवून बघतो. चार दावणी फिरून कोण काय भाव सांगतो ते कानावर घेतो. मग कुठे बोलायला बसतो. पटले नाही तर घोंगडी खांद्यावर टाकून सरळ उठतो.

हाच शहाणा माणूस घर विकायला निघाला की त्याचे काय होते कोण जाणे! एखादा दलाल दारात येतो. एक आकडा सांगतो. आकडा मोठा वाटतो, कारण तेवढे पैसे घरात कधी एकदम आलेले नसतात. एका चहात व्यवहार ठरतो. बैल चुकला तर पुढच्या यात्रेत बदलता येतो. घर एकदा गेले की गेले. म्हणून घराचा भाव कसा काढावा आणि कसा बोलावा, हे आपण आज पाहू.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत हे समजून घेणे फार जरुरीचे झाले आहे. शहापूर तालुक्यातून रेल्वे जाते, मुंबई-आग्रा रस्ता जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही जून २०२५ मध्ये सुरू झाला. मुरबाडवरून कल्याणचा रस्ता माळशेज घाटाकडे जातो. त्यामुळे मुंबई, ठाणे, कल्याणकडचे लोक इकडे जागा बघायला येतात. त्यांना आपल्याकडचा भाव ठाऊक असतो. आपल्याला मात्र त्यांच्याकडचा भाव ठाऊक नसतो. सौदा तिथेच एका बाजूला कलतो.

आता भाव कसा काढायचा ते बघा.

घराचा भाव म्हणजे दोन वस्तूंचा भाव असतो. एक खालची जागा. दुसरे वरचे बांधकाम. दोन्ही वेगवेगळे मोजावे. जागा दरवर्षी जुनी होत नाही. बांधकाम जुने होते. कौले फुटतात, वासे किडतात, भिंतीला ओल धरते.

जागा मोजायला टेप घ्या. लांबी गुणिले रुंदी केली की चौरस फूट निघतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट. हाच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनी मिळून मोजावे. ‘दोन गुंठे असेल’ या अंदाजावर पैसे देऊ नयेत आणि घेऊही नयेत. पडवी कुणाची, परसातला आंबा कुणाच्या हद्दीत, शेजाऱ्याचे पागोळीचे पाणी कुठे पडते, हेही त्याच वेळी बघून घ्यावे.

हिशोब समजावा म्हणून आपण काही आकडे धरू. हे आकडे कोणत्याही गावाचे भाव नव्हेत. समजा, जागा ३३ फूट बाय ६६ फूट आहे. म्हणजे दोन गुंठे. गावात गुंठ्याला तीन लाख रुपये चालू आहेत. जागेचे सहा लाख झाले. वर सहाशे चौरस फुटांचे विटांचे घर आहे. तसे घर आज नवे बांधायला समजा सहा लाख लागतात. पण घर तीस वर्षांचे आहे. म्हणून निम्मे धरू. तीन लाख. एकूण नऊ लाख. छप्पर दुरुस्तीला साठ हजार लागतील असे गवंडी आणि सुतार सांगतात. ते वजा केले. राहिले आठ लाख चाळीस हजार. आता आपल्या हातात एक आकडा आला. तो शेवटचा भाव नव्हे. पण तो हवेतला आकडाही नव्हे.

गुंठ्याला तीन लाख हा दर कुठून काढायचा? दलालाला विचारून काढू नये. चहाच्या दुकानात ऐकून तर मुळीच नाही. चहाच्या दुकानात प्रत्येक जागा कोटीची असते!

खरा भाव कळायला एक चांगली जागा आहे. ती म्हणजे दुय्यम निबंधकाची कचेरी. आपण तिला रजिस्टर कचेरी म्हणतो. तिथे प्रत्येक खरेदीखताची नोंद होते. त्या नोंदीच्या गोषवाऱ्याला ‘सूची क्रमांक दोन’ म्हणतात. त्यात गाव, जागा, क्षेत्र आणि किती रुपयांना व्यवहार झाला हे लिहिलेले असते. ही नोंद कोणालाही बघता येते. नोंदणी खात्याच्या इंटरनेटवरच्या जागेवरही गावाचे नाव आणि साल घालून शोधता येते. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी हे काम फोनवर करील. गेल्या दोनतीन वर्षांत आपल्या गावात कोणत्या जागा किती रुपयांना गेल्या, ते वहीत उतरवून घ्यावे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही लोक कागदावर किंमत कमी लिहितात आणि बाकीची रक्कम हातात देतात. म्हणून सूचीतला आकडा कधीकधी खऱ्यापेक्षा कमी असतो. असे पाचसहा व्यवहार शेजारी शेजारी ठेवले की चाल कळते.

दुसरा आकडा सरकारचा. त्याला रेडी रेकनर किंवा वार्षिक मूल्यदर तक्ता म्हणतात. सरकारला मुद्रांक शुल्क किती घ्यायचे ते या तक्त्यावरून कळते. ठरलेली किंमत आणि तक्त्याप्रमाणे येणारी किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर शुल्क लागते. पण रेडी रेकनर म्हणजे बाजारभाव नव्हे. रस्त्याकाठच्या जागेला बाजारात त्याहून जास्त मिळू शकते. ओढ्याच्या पलीकडच्या, वाट नसलेल्या जागेला त्याहून कमी मिळू शकते. ‘सरकारी रेट एवढाच आहे’ असे म्हणून कोणी दबाव आणला तर दबू नये.

एकाच गावात दोन घरांचा भाव वेगळा का असतो? पहिले कारण वाट. गाडी दारापर्यंत येते का? आणि ती वाट कागदावर आहे, की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर आहे? दुसरे कारण पाणी. आपल्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मोठी धरणे आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते. आणि आपल्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. म्हणून घर घेणाऱ्याने पाणी वैशाखात बघावे आणि छप्पर आषाढात बघावे. दिवाळीनंतर सगळीच घरे चांगली दिसतात. विकणाऱ्याच्या घराला बारमाही विहीर असेल तर त्याने ते मोठ्याने सांगावे. ती विहीर भावात धरावी.

तिसरे कारण रस्ता आणि रेल्वे. आसनगाव, वाशिंद या स्टेशनांजवळच्या जागेला गिऱ्हाईक जास्त. डोळखांबकडे, टोकावड्याकडे कमी. पण येथे एक फसगत होते. ‘जवळून समृद्धी गेली आहे’ असे सांगून भाव वाढवतात. त्या महामार्गावर वाटेल तिथून चढता येत नाही. ठराविक ठिकाणीच चढउतार आहे. घराच्या मागून महामार्ग गेला, पण चढायला पंधरा किलोमीटर जावे लागले, तर घेणाऱ्याला मिळाला फक्त गाड्यांचा आवाज. तसेच मुरबाडच्या रेल्वेचे. रेल्वे येणार ही बोली पुष्कळ वर्षांची आहे. जी रेल्वे अजून आली नाही तिचे पैसे आज मोजू नयेत.

आता कागद. कागदाने भाव वाढतो आणि कागदानेच पडतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो. तो घरपट्टीसाठी असतो. त्यावर नाव आहे एवढ्याने मालकी पक्की ठरत नाही. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोन उडवून गावठाणे मोजतात आणि घरमालकाला मिळकत पत्रिका देतात. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कचेरीत जाऊन आपली पत्रिका आधी काढावी. चूक असेल तर दुरुस्त करून घ्यावी. मग घर विकायला काढावे. पत्रिका असलेल्या घरावर कर्ज मिळणे सोपे जाते. कर्ज मिळाले की गिऱ्हाईक वाढते. गिऱ्हाईक वाढले की भाव वाढतो.

आदिवासी बांधवांनी एक कायदा नीट ध्यानात ठेवावा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. १९७४ पासून हा निर्बंध कडक झाला आहे. वनहक्काचा जो पट्टा मिळतो तो वारसाकडे जातो, पण विकता येत नाही. ‘नावाला तुमच्यातलाच माणूस उभा करू, पैसे आमचे’ असे सांगणारे लोक फिरतात. त्यांच्या नादी लागू नये.

बहिणींचे काय? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यात तशी दुरुस्ती २००५ साली झाली. सुप्रीम कोर्टाने २०२० साली तो हक्क आणखी स्पष्ट केला. तेव्हा भाव ठरवायच्या आधी बहिणींना बोलवावे. बहिणीची सही नसलेले घर घेणारा माणूस भाव पाडून मागतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

एवढी तयारी झाली की मग बोलायला बसावे. बसण्याआधी एक काम राहिले. विकणाऱ्याने आपला तळाचा आकडा ठरवावा. याच्या खाली देणार नाही, असा तो आकडा. घेणाऱ्याने आपला वरचा आकडा ठरवावा. याच्या वर जाणार नाही, असा. हा आकडा नवरा-बायकोने मिळून ठरवावा. कागदावर लिहून पेटीत ठेवावा. दलालाला सांगू नये, पाहुण्यांना सांगू नये. विकणाऱ्याने स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावा. हे पैसे हातात आल्यावर आपण राहायचे कुठे? तेवढ्या पैशात तशी जागा मिळेल का? त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय तळाचा आकडा ठरत नाही.

आपली निकड उघडी करू नये. दवाखान्याचे बिल भरायचे आहे, मुलीचे लग्न पंधरा दिवसांवर आहे, हे समोरच्याला कळले की त्याला घाई राहात नाही. तो रोज थोडा थोडा खाली येतो. निकड खरीच असेल तर घर विकण्याआधी बचत गट, सोसायटी, सोन्यावरचे कर्ज या वाटा बघाव्यात. महिनाभर मिळाला तरी भावात मोठा फरक पडतो.

बोलणी कशी चालतात ते बघा. मघाचेच घर धरा. म्हातारे काका विकणारे. वाशिंदला नोकरी करणारा तरुण घेणारा. काकांचा तळाचा आकडा आठ लाख. तरुणाचा वरचा आकडा नऊ लाख. एकमेकांना हे ठाऊक नाही.

“काका, काय म्हणता मग?”

“अकरा लाख.”

“लई झालं काका. मी सूची काढून आणलीय. खालच्या आळीतलं घर गेल्या साली कितीला गेलं ते यात आहे. आणि तुमच्या छपराला साठ हजार लागतील, सुतार म्हणाला. माझे साडेसात लाख.”

“त्या घराला विहीर नाय. माझी विहीर मे महिन्यात येऊन बघ. दहा.”

“विहीर बघितली. चांगली आहे. आठ लाख.”

“साडेनऊ.”

“आठ पंचवीस.”

येथे जरा थांबून बघा. तरुण नुसते ‘कमी करा’ म्हणत नाही. प्रत्येक आकड्याबरोबर तो एक कारण देतो. काकाही कारणानेच उत्तर देतात. नुसत्या घासाघिशीत राग येतो. कारण सांगितले की बोलणे घरावर राहते, माणसावर जात नाही. दुसरे बघा. तरुण आधी पन्नास हजारांनी वर गेला, मग पंचवीस हजारांनी. पायरी लहान होत गेली. त्यावरून काकांना कळते की पोरगा आता टोकाशी आला आहे. जो माणूस दर वेळी सारखीच मोठी पायरी चढतो त्याला समोरचा आणखी चढवतो.

पहिली मागणी किती कमी करावी? फार कमी करू नये. नऊ लाखांच्या घराला तीन लाख म्हटले तर म्हातारा माणूस अपमान समजतो. मग योग्य भावही त्याला घ्यावासा वाटत नाही. आमचे मत असे की, काढलेल्या हिशोबाच्या थोडे खालून सुरुवात करावी.

आकडा अडला की इतर गोष्टींवर बोलावे. येथे पुष्कळ सौदे जमतात. काकांना भात झोडपून होईपर्यंत घर सोडायचे नाही. तरुणाला पगाराची सोय म्हणून रक्कम दोन हप्त्यांत द्यायची आहे. परसातल्या आंब्याचा यंदाचा मोहोर कोणाचा? थकलेली घरपट्टी कोण भरणार? विजेचे मीटर, गोठ्याचे पत्रे, मोट ठेवायचे जुने सागाचे लाकूड, हे घराबरोबर की वेगळे? मुद्रांक शुल्क कोणी भरायचे? काही वेगळे ठरले नसेल तर ते घेणाऱ्याने भरायचे असते.

“काका, तुम्ही दिवाळीपर्यंत राहा. यंदाचे आंबे तुमचेच. आठ साठ करा.”

“आणि घरपट्टी?”

“ती मी भरतो.”

“बरं. काकीला विचारून सांजच्याला सांगतो.”

काकांनी हे बरोबर केले. जागच्या जागी हो म्हणायची सक्ती कोणावर नसते. ‘आत्ता सही करा, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक उभे आहे’ असे जो म्हणतो, त्याला म्हणावे, “बरं दादा, त्याला आधी दे.”

मध्ये दलाल असला तर त्याची दलाली किती, कोण देणार, हे पहिल्या दिवशी ठरवावे. काही दलाल विकणाऱ्याला एक भाव सांगतात, घेणाऱ्याला दुसरा, आणि मधली रक्कम ठेवून घेतात. म्हणून विकणारा आणि घेणारा यांनी निदान एकदा समोरासमोर बसलेच पाहिजे. दलाल भेट टाळत असेल तर त्याचे कारण उघड आहे. त्याच्या नावाने कुलमुखत्यारपत्र तर करून देऊच नये. ते दिले म्हणजे आपल्या घराचा भाव करण्याचा हक्क आपण दुसऱ्याला दिला.

भाऊ-भावांत घराचा भाव करायचा असला म्हणजे फार अवघड जाते. एक भाऊ गावात राहतो, दुसरा कल्याणला. गावच्या भावाला घर हवे आहे. शहरच्याला वाटते भाव कमी सांगतो, गावच्याला वाटते जास्त मागतो. बोलणे बंद होते. यावर एक जुनी युक्ती आहे. एका भावाने निम्म्या हिश्श्याचा आकडा सांगावा. त्या आकड्याला घ्यायचे की द्यायचे हे दुसऱ्याने ठरवावे. आकडा सांगणाऱ्याला ठाऊक नसते आपण घेणार की देणार. म्हणून तो कमीही सांगत नाही आणि जास्तही सांगत नाही. दोघांकडे सारखा पैसा असेल तेव्हाच ही युक्ती न्यायाची होते. एक भाऊ गरीब असेल तर त्याला घ्यायला मुदत द्यावी.

भाव ठरला. आता विसार. विसार हातात देऊन नुसत्या तोंडी बोलावर राहू नये. विसारपावती लिहावी. तीत घर कोणते, चतुःसीमा काय, एकूण किंमत किती, विसार किती, बाकी रक्कम कोणत्या तारखेपर्यंत, घर कधी खाली करायचे, आंबा-मीटर-घरपट्टीचे काय ठरले, हे सगळे यावे. घेणारा मागे फिरला तर विसाराचे काय आणि विकणारा मागे फिरला तर काय, हेही लिहावे. दोन साक्षीदार घ्यावेत. सही करण्याआधी पावती स्वतः वाचावी. एक एक ओळ, बोट ठेवून. वेळ लागला तरी चालेल. समोरचे थांबतील.

रक्कम बँकेतून द्यावी-घ्यावी. मोठी रक्कम रोखीने घेण्यावर आयकराच्या कायद्यातही बंधन आहे. खरेदीखतावर खरी किंमतच लिहावी. कागदावर पाच लाख आणि हातात साडेतीन असा सौदा केला, आणि हातातले आले नाहीत, तर विकणारा कोर्टात काय दाखवणार? कागद पाचच लाखांचा आहे.

स्टँपपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे घर आपले झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. शंभर रुपये किंवा जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर खरेदीखत रजिस्टर करावेच लागते. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते दुय्यम निबंधकापुढे न्यावे लागते. घर एकट्या बाईच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ही सवलत एप्रिल २०२१ पासून आहे. आठ लाख साठ हजारांच्या घरावर ती आठ हजार सहाशे रुपये होते. छपराच्या कौलांना तेवढीच मदत.

खरेदीखत झाल्यावर घेणाऱ्याने त्याची नक्कल ग्रामपंचायतीत आणि भूमी अभिलेख कचेरीत द्यावी. नमुना आठवर आणि मिळकत पत्रिकेवर नाव चढवून घ्यावे. मग विजेचे मीटर नावावर करावे. विकणाऱ्यानेही हे झाले का ते महिन्याभराने जाऊन बघावे. नाहीतर घर दुसऱ्याचे आणि घरपट्टीची नोटीस आपल्या नावाने, असे होते.